तालुक्याच्या रुग्णालयात क्लिनिकल रिसर्च: नव्याने येणाऱ्यांसाठी अनुभवाचे बोल

मी मुळात स्टाफ नर्स. जीएनएम झाले, काही वर्षं वॉर्डात ड्यूट्या केल्या आणि आता पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, एका ट्रस्टच्या रुग्णालयात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे, म्हणजे रुग्णांवर होणाऱ्या चाचण्यांचं आणि अभ्यासांचं रोजचं काम सांभाळते. या क्षेत्रात यायचं म्हणणाऱ्या मुलामुलींचे फोन येतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, 'मॅडम, कोर्स कोणता करू?' त्याचं उत्तर पुढे देते. आधी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. लहान रुग्णालयात संशोधन चालतं ते रात्रपाळीच्या सिस्टरच्या, लॅबमधल्या टेक्निशियनच्या आणि केसपेपर काढणाऱ्या क्लार्कच्या जिवावर. त्यांना ते काम आपलं वाटलं तर पुढचं सगळं जमतं. कोऑर्डिनेटरची खरी नोकरी हीच आहे, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

मोठं संशोधन मोठ्या शहरातच होतं, हा समज पहिल्यांदा डोक्यातून काढा. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून कोकणातल्या किती घरांतली माणसं वाचवली, आणि विंचूदंशावरच्या प्रतिविषाची (अँटिव्हेनमची) त्यांची चाचणी 2011 साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आली. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग 39 गावांत केला. गावातल्याच बायकांनी बाळांची वजनं घेतली, नोंदी ठेवल्या, जंतुसंसर्ग ओळखून औषध दिलं. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी खाली आला, आणि 1999 मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. रोटाव्हायरसच्या भारतीय लसीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी 6,799 बाळांवर झाली, तिच्या तीन केंद्रांपैकी एक पुण्याजवळच्या वढूचं होतं. या प्रत्येक ठिकाणी घरोघरी जाणारी, तारखा सांभाळणारी, रुग्णाला नावाने ओळखणारी माणसं होती. नवीन मुलांना मी हे आवर्जून सांगते, कारण तालुक्याला काम करायचं म्हणजे दुय्यम काम, असं वाटून बरीच जण निघून जातात.

आता आमच्याकडचं सांगते. सर्वसाधारणपणे काय होतं, तर डॉक्टर एखादा अभ्यास घेतात, एथिक्स कमिटीची, म्हणजे रुग्णांचे हक्क आणि सुरक्षितता बघणाऱ्या समितीची, मान्यता येते आणि वॉर्डात नोटीस लागते की उद्यापासून हा फॉर्म भरायचा. चाळीस खाटांना दोन सिस्टर असतात. त्या फॉर्म भरतात, पण शिफ्ट संपताना, आठवून आठवून. दोष त्यांचा नाही.

आम्ही क्रम बदलला. प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यास कसा करायचा याचा लेखी आराखडा, एथिक्स कमिटीकडे जाण्याआधीच त्याचा कच्चा मसुदा मी पाळी बदलताना वॉर्डात मराठीत वाचून दाखवायला लागले. रक्तदाबाचा एक अभ्यास होता. त्यात तंबाखूच्या प्रश्नाखाली बिडी, सिगारेट, गुटखा अशा चौकटी होत्या. ओपीडीच्या एक जुन्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, यात मिश्री कुठाय? आमच्या बायका सकाळी उठल्या की मिश्री लावतात. त्या काय बिडी ओढत नाहीत, सगळ्या 'नाही' सांगतील." बरोबर होतं. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तपासणीआधीच्या अर्ध्या तासात ती लावली तर त्या वेळचा रक्तदाबही वाढलेला दिसू शकतो. मग मिश्रीची वेगळी चौकट आली आणि शेवटची कधी लावली हाही प्रश्न आला. त्याच सिस्टरांनी दुसरी अडचण काढली. पाच मिनिटं शांत बसवून बीपी घ्यायचा असं प्रोटोकॉल म्हणतो. बाजाराच्या दिवशी ओपीडीत बसायला जागा नसते आणि लोक एसटी स्टँडपासून चढ चढून आलेले असतात. त्यावर ड्रेसिंग रूम सकाळी तासभर मोकळी ठेवायची असं ठरलं. मुंबईत बसून प्रोटोकॉल लिहिणाऱ्याला हे कळायचं कसं? ते सिस्टरांनाच माहीत असतं, आणि त्यांना विचारलं तरच बाहेर येतं.

संमतीपत्राबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण नवीन माणसाची कसोटी इथेच लागते. वाडीवरच्या आजी येतात, सोबत मुलगा असतो. आजी म्हणतात, "डॉक्टरांनी सांगितलंय ना बाई, मग अंगठा कुठं करू तेवढं दाखव." इथे घाई केलीत तर सगळं वाया गेलं. मी स्टूल ओढून बसते. हे औषध की नेहमीचं औषध हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरणार आहे, किती वेळा यावं लागेल, रक्त किती काढणार, हे आजींना सांगते. आणि सगळ्यात आधी सांगते, की आजी, तुम्ही नको म्हणालात तरी इथले उपचार तसेच चालू राहतील, कुणी रागावणार नाही. मग त्यांनाच विचारते, आता मला सांगा, मी काय म्हणाले? वाचता न येणाऱ्या माणसाची संमती घेताना निःपक्ष साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर लागतो. अभ्यासातल्या कुणालाही साक्षीदार करता येत नाही. संमतीपत्राची एक प्रत आजींच्या पिशवीत गेलीच पाहिजे. आमच्या वॉर्डातल्या मावशींनाही आम्ही हे सगळं समजावलं आहे. रुग्ण डॉक्टरांपुढे मान हलवतो आणि बाहेर बाकड्यावर मावशींना विचारतो, "काय धोका नाही ना?" मावशींनी तेव्हा 'काय नाही होत, करा सही' म्हणायचं नाही, मला हाक मारायची. त्या मारतात.

दुसरी न चुकवायची गोष्ट म्हणजे गंभीर दुष्परिणामाची खबर. 2019 च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियमांनुसार संशोधक डॉक्टरांनी ती 24 तासांत केंद्रीय औषध नियंत्रकांना, स्पॉन्सरला (चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीला किंवा संस्थेला) आणि एथिक्स कमिटीला कळवायची असते. चाचणीतला रुग्ण कुठल्याही कारणाने दवाखान्यात दाखल झाला, अगदी मोटरसायकलवरून पडून झाला, तरी त्याची नोंद होते. पण तो दुसऱ्याच गावच्या दवाखान्यात दाखल झाला असेल तर तुम्हाला कळणार कसं? गावात कोण आजारी आहे हे आशाताईंना सगळ्यांआधी समजतं. त्यांना अभ्यासाची नीट माहिती आणि माझा नंबर दिलेला असला की फोन येतो. त्यांच्या फोनचा, वेळेचा खर्च बजेटमध्ये सुरुवातीलाच धरा. नंतर कुणी देत नाही.

कागदाची शिस्त लवकर अंगी बाणते, म्हणून थोडक्यात. जे केलं ते त्याच वेळी लिहायचं, ज्याने केलं त्यानेच. चूक झाली तर एक आडवी रेघ, बाजूला बरोबर आकडा, सही आणि तारीख. व्हाइटनर टेबलावर ठेवायचाच नाही. फ्रीझरचं तापमान सुट्टीच्या दिवशीही लिहायचं, आणि रात्री लाइट गेली तर कुणाला उठवायचं ते नाव दारावर चिकटवलेलं हवं. लॅबमधल्या ज्या दादांनी नमुने सांभाळायचे, त्यांचं नाव डेलिगेशन लॉगमध्ये, म्हणजे कुणाकडे कोणतं काम सोपवलंय त्या यादीत हवं, प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट त्यांच्या हातात हवं. त्या कागदाचं मोल फार आहे. पुढच्या नोकरीत तो दाखवता येतो.

व्यवस्थापनाशी मात्र भांडावं लागतं. संशोधनाचे तास ड्यूटी चार्टमध्ये लिहून मिळाले पाहिजेत, ही माझी पहिली अट असते. ड्यूटी संपल्यावर थांबून करा म्हटलं तर लोक महिनाभर करतात, मग नोंदी पातळ होतात. मेट्रन आणि प्रशासन अधिकारी यांना सुरुवातीच्या बैठकीतच बसवा, मानधनाचा आकडा सगळ्यांसमोर ठरवा. आणि वॉर्ड भरलेला असेल, डेंगीची साथ असेल, तर नवीन रुग्ण घेणं थांबवा. स्पॉन्सरचा माणूस फोनवर आकडे मागत राहील, त्याला तुम्ही तोंड द्या. सिस्टरांपर्यंत तो दबाव जाऊ देऊ नका.

आता कोर्सचं. महागडा डिप्लोमा आधीच करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. चेन्नईच्या आयसीएमआर-एनआयई या सरकारी संशोधन संस्थेचा जैववैद्यकीय संशोधनाचा प्राथमिक ऑनलाइन कोर्स आहे, नोंदणी मोफत असते. तो मन लावून करा आणि जीसीपीचं (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे चाचणी नीट कशी करायची याचे नियम) प्रशिक्षण घ्या. सीटीआरआय ही देशातल्या चाचण्यांची ऑनलाइन नोंदवही सगळ्यांना खुली आहे. आपल्या जिल्ह्यात कुठल्या चाचण्या चालू आहेत, कोणत्या रुग्णालयात, हे त्यात शोधता येतं. मग तिथे जाऊन भेटा. ठाणे-पालघरकडच्यांनी डहाणूच्या मॉडेल रुरल हेल्थ रिसर्च युनिटची माहिती जरूर काढावी. सध्या वॉर्डात असाल तर औषधाच्या दुष्परिणामांचे रिपोर्ट भरायला आजपासून लागा. त्यासाठी 1800-180-3024 हा टोल फ्री नंबर आहे, नर्सलाही रिपोर्ट देता येतो, संशय असला तरी पुरतो. पुरळ कधी उठलं, औषध कधी सुरू झालं, बंद केल्यावर काय झालं, असं नेमकं लिहायची सवय इथे लागते. मुलाखतीत मी हेच विचारते.

अभ्यास संपला की निकाल वॉर्डात सांगायचा, हा आमचा नियम आहे. नव्या औषधाचा फरक पडला नाही असा निकाल आला तरी सांगायचा, कारण रात्री दोनला नमुने ज्यांनी काढले त्यांना तो आधी कळायला हवा. चहा-बिस्किटं, मराठीतली एक स्लाइड, बास. अशाच एका बैठकीत ड्रेसिंग रूमचे ब्रदर उठून म्हणाले, "आपल्याकडे ऊसतोडीवाले कोयत्याचे घाव घेऊन चार-चार दिवसांनी येतात. मी वहीत लिहून ठेवलंय सगळं." वही खरंच होती: तारीख, घावाची जागा, किती दिवसांनी आले, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं. त्यातूनच आमचा पुढचा प्रोटोकॉल तयार होतोय आणि ब्रदर त्यात सहसंशोधक आहेत. एथिक्स कमिटीपुढे मांडणी तेच करणार आहेत. कमिटीतल्या वकील मॅडम एक प्रश्न हमखास विचारतील, म्हणून सध्या आम्ही दोघं त्यावरच डोकं लावतोय: गाळप हंगाम संपला की हे लोक बीडला, जालन्याला परत जातात, मग शेवटचा फॉलोअप घ्यायचा कुठे, आणि तेवढ्यासाठी मुकादमाचा नंबर घ्यावा की नाही. ब्रदर म्हणतात घेऊ नये. मुकादमाकडून उचल घेतलेला मजूर त्याच्यासमोर आपल्या जखमेबद्दल खरं बोलणार नाही. मलाही ते पटलंय. तिकडच्या आशाताईंमार्फत जमतं का, ते बघतोय.