सी मध्ये फाइलच्या ओळी वाचताना शेवटचा लपलेला बाइट कसा काढायचा

उसाच्या सीझनला शेजारचा एक पोरगा रात्री लॅपटॉप घेऊन आला. कर्नाटक सीमेवरच्या निपाणीकडच्या गावांची यादी फाइलमधून वाचायची आणि कुठल्या गावात ऊसतोडीची कुठली टोळी आहे ते शोधायचं, एवढाच सी भाषेतला छोटा प्रोग्रॅम, पण "दादा, बघा की, दोन्ही नावं सेमच दिसालेत तरी मॅच होईना झालंय" म्हणून रडकुंडीला आलेला. यादी विंडोजवर टाइप केलेली आणि प्रोग्रॅम लिनक्सवर चालवत होता, हे ऐकलं आणि दुखणं कुठं आहे ते कळलं.

लिनक्स आणि आताच्या मॅकवर ओळ संपली की एकच बाइट पडतो, नंबर 10, म्हणजे आपला बॅकस्लॅश एन. विंडोजवर दोन पडतात, आधी 13 म्हणजे बॅकस्लॅश आर आणि मग 10. हे टेलिप्रिंटरच्या काळापासून आलंय, तिथं डोकं डावीकडं परत नेणं आणि कागद एक ओळ वर सरकवणं ही दोन कामं वेगवेगळी सांगायला लागायची. म्हणून विंडोजची फाइल लिनक्सवर वाचली की तो 13 नावाच्या शेवटी न दिसता चिकटून राहतो आणि नाव मॅच होत नाही.

सगळ्यात आधी डोळ्यांनी बघा, अंदाजाने कोड बदलत बसू नका. लिनक्सवर 'ओडी मायनस सी' ही कमांड द्या आणि पुढं फाइलचं नाव, की फाइलमधले बाइट दिसतात. मराठी अक्षरांच्या जागी तीन आकडी नंबर येतील, घाबरायचं नाही, फक्त ओळीच्या शेवटी एन च्या आधी आर दिसतोय का ते बघा. प्रोग्रॅममधूनच ओळखायचं असेल तर नाव चौकटी कंसात प्रिंट करा, आर असला तर बंद होणारा कंस ओळीच्या सुरुवातीला येऊन उघडणाऱ्या कंसावर बसतो.

मग फाइल उघडायचा मोड. विंडोजवर नुसतं 'आर' (हा रीडचा आर, बॅकस्लॅश आर नव्हे) दिलं की सी ची लायब्ररी स्वतःच 13-10 चं 10 करून देते आणि 26 नंबरचा बाइट आला तर फाइल संपली असं समजते. लिनक्सवर असलं काही होत नाही. म्हणून मी दोन्हीकडं 'आरबी' (बी म्हणजे बायनरी) च देतो, म्हणजे जे बाइट आहेत तेच हातात येतात आणि साफसफाई एकाच जागी होते.

आता खरं काम. एफगेट्स या फंक्शनने ओळ वाचली की बरेच जण स्ट्रलेन (ओळीची लांबी) मधून एक वजा करून तिथं शून्य टाकतात (सी मध्ये शून्य बाइट म्हणजे मजकूर संपला), कृपा करून हे करू नका. विंडोजच्या ओळीत त्याने एन जातो आणि आर तसाच राहतो, आणि शेवटच्या ओळीला एन्टर मारलेलं नसलं तर 'निपाणी' मधल्या शेवटच्या वेलांटीचा एक बाइट तुटतो आणि स्क्रीनवर कचरा दिसतो, कारण यूटीएफ-8 (अक्षरं बाइटमध्ये साठवायची एक पद्धत) मध्ये मराठीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं असतं, कन्नडचंही तसंच. त्यापेक्षा स्ट्रसीस्पॅन (स्पेलिंग एसटीआर मग सीएसपीएन) वापरा. त्याला ओळ द्या आणि आर-एन दोन्ही द्या, यातला पहिला जिथं सापडेल तो इंडेक्स मिळतो, तिथं शून्य ठेवा. काहीच सापडलं नाही तर ओळीची लांबी मिळते, म्हणजे शून्यावरच शून्य बसतं, काही बिघडत नाही. पोराचं काम या एका ओळीने झालं.

बफर, म्हणजे वाचलेली ओळ ठेवायची जागा, मोठा ठेवा. 256 चा असला तर 255 बाइट मावतात, म्हणजे मराठीची फक्त 85 चिन्हं, आणि आपल्याकडं दोन्ही भाषांत गावाचं नाव लिहिलं की ओळ भराभर वाढते.

फाइल यूटीएफ-8 मध्येच सेव्ह करा हे मी परत परत सांगतो. यूटीएफ-8 मध्ये मराठी-कन्नड अक्षरांच्या आत 10 किंवा 13 कधीच येत नाही. यूटीएफ-16 या दुसऱ्या पद्धतीत मात्र 'ऊ' चा कोड हेक्समध्ये (सोळाच्या पटीतल्या मोजणीत) 090ए आहे, त्यातला 0ए म्हणजे सरळ 10, म्हणजे 'ऊस' लिहिला की एफगेट्स ऊ च्या मधोमध ओळ तोडणार! ऊसवाल्या यादीत हे व्हावं याचं मला फार वाईट वाटतं.

फाइलमध्ये लिहिताना मोड 'डब्ल्यूबी' (डब्ल्यू म्हणजे राइट) आणि ओळीच्या शेवटी नुसता एन. विंडोजवर साध्या 'डब्ल्यू' मध्ये हाताने आर-एन लिहिलात तर 13-13-10 पडतं. समोरच्याकडं जुनं नोटपॅड असेल तर त्याला सगळं एकाच ओळीत दिसेल, पण 2018 पासूनच्या नोटपॅडला नुसता एन समजतो, त्यामुळं आता त्याची काळजी नको.