सरकारी कामावर मजूर लावताय? कोल्हापुरातल्या ठेकेदारांनो, या चुका टाळा

रस्ता झाला, एमबीत (मोजमाप वहीत) नोंदी झाल्या, तरी शेवटचं बिल अडतं ते बहुतेक वेळा मजुरांच्या कागदांवर. कारण ते कागद बिल निघायच्या आठवड्यात जमवायला घेतलेले असतात. मस्टर, म्हणजे मजुरांचं हजेरीपत्रक, रोज साइटवरच लिहायचं असतं. आणि ते फक्त तुमच्या बिलासाठी नसतं, मजुराने किती दिवस घाम गाळला याचा तोच पुरावा असतो.

स्थानिक मजुरांची अट न वाचणं

सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बी-१ नमुन्यातल्या निविदेत सहसा अशी अट असते: अकुशल मजुरांपैकी किमान ८० टक्के त्या जिल्ह्यात राहणारे हवेत. तेवढे मिळाले नाहीत तर मिळतील ते आधी घ्या, आणि उरलेले बाहेरून आणण्यापूर्वी कार्यकारी अभियंत्यांची लेखी परवानगी घ्या. मजकूर कामागणिक बदलतो, म्हणून तुमच्या निविदेतलं कलम स्वतः वाचा.

इथे तीन ठिकाणी गल्लत होते. एक, अट अकुशल मजुरांची आहे. सेंट्रिंगवाले, बार बेंडर (सळया वाकवणारे), गवंडी हे कुशल; त्यांना बिगाऱ्यांच्या, म्हणजे अकुशल मजुरांच्या, हिशोबात मिसळलं की टक्केवारी उगाच कोसळते. मस्टरमध्ये कामाचा प्रकार आणि राहण्याचं ठिकाण असे दोन रकाने ठेवा. दोन, हद्द जिल्ह्याची धरतात, अंतराची नाही. चंदगडचा माणूस लांबून आला तरी आपल्या जिल्ह्यातला. कागलजवळच्या साइटवर निपाणीहून रोज ये-जा करणारा मात्र जिल्ह्याबाहेरचाच, शिवाय परराज्यातला. परराज्यातल्या मजुरांची नोंद वेगळी ठेवा, त्यांच्यासाठी कायद्यात स्वतंत्र तरतुदी आहेत. तीन, "साहेबांना सांगितलंय" ही परवानगी नव्हे. ग्रामपंचायतीला आणि जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राला मजुरांची मागणी करणारं पत्र द्या, पोच घ्या, ती जोडून अर्ज करा. ऊसतोडीच्या हंगामात गावात बिगारी मिळत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण फाइलला ते लेखीच लागतं.

उद्योगांना शासनाच्या सवलती घेताना लागणारी स्थानिकांची ८० टक्क्यांची अट निराळी. एमआयडीसीतल्या ओळखीच्याने सांगितलेलं इथे लावू नका.

"सेस कापला, आता आपला संबंध संपला"

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते. बिलातून १ टक्का उपकर कापला जातो, तो बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठीच. पण बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या योजना मिळतात त्या नोंदणी झालेल्या कामगारालाच. नोंदणीसाठी वय १८ ते ६० हवं आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा. तो दाखला द्यायला अनेक ठेकेदार कचरतात. दाखला दिला तर माणूस कायमचा गळ्यात पडेल असं त्यांना वाटतं. तसं काही होत नाही. तो केलेल्या दिवसांचा दाखला आहे, नोकरीची हमी नव्हे. मस्टर रोजचं असेल तर तो लिहायला वेळही लागत नाही. तुमच्या सहीवाचून एखाद्या बिगाऱ्याच्या पोरांची शिष्यवृत्ती अडत असेल, तर ती सही आजच करा.

मागाहून भरलेलं मस्टर

एकाच पेनाने, एकाच हाताने भरलेलं मस्टर पाहताक्षणी कळतं. जुलैत पंचगंगेला पूर येऊन साइट बंद होती, शाखा अभियंत्याच्या डायरीत तशी नोंद आहे, आणि मस्टरवर मात्र सगळे हजर. एकच मजूर एकाच दिवशी दोन कामांवर. अशा विसंगतींनी तुमचे खरे हजेरीचे दिवसही संशयात येतात.

पोटठेकेदारावर ढकलणं

मुकादम उचल घेऊन निघून गेला आणि मजुरांचे पैसे राहिले, तर ती देणी तुमच्यावर येतात. तुम्हीही दिले नाहीत तर मूळ मालक म्हणून खात्याला द्यावी लागतात आणि ती तुमच्या बिलातून वळती होतात. म्हणून पोटठेकेदाराचं बिल देण्याआधी त्याचं मस्टर, मजुरांच्या खात्यावर पगार जमा झाल्याचा पुरावा आणि पीएफचं चलन मागा. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचा असतो.

किमान वेतनाचा तक्ता जुना नको. त्यातला विशेष भत्ता (महागाईनुसार ठरणारा भाग) वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून बदलतो. परिमंडळही (दर ठरवण्यासाठी पाडलेला विभाग) तपासा, महापालिका हद्दीतला दर गगनबावड्याच्या साइटला लागू असेलच असं नाही.

ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू नसलेल्या मजुरांसाठी अपघात भरपाईची पॉलिसी काम सुरू होण्याआधी काढा, आणि तिच्यावर कामाचं ठिकाण व माणसांची संख्या बरोबर आहे ना ते पाहा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले केंद्राचे चार नवे कायदे, लागू झाल्या आहेत. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं आता बंधनकारक आहे, रोजंदारीवाल्यालाही. जुने छापील फॉर्म भरण्याआधी सहायक कामगार आयुक्त कार्यालयात सध्याचा नमुना विचारून घ्या.