वाईचा वाडा विकायला काढण्याआधी

वाडा विकायचं घरात ठरलं की सगळे पहिला फोन एजंटला लावतात. तसं करू नका, आधी प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे सिटी सर्व्हेकडची मालकीची नोंद, काढा. आमच्या वाईच्या वाड्याचं उलटं झालं, गिऱ्हाईक चौकात उभं राहून भाव बोलतंय आणि कार्डावर अजून पणजोबांचंच नाव. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, सिटी सर्व्हेचं कार्ड असतं, आणि नगरपालिकेच्या घरपट्टीवर वडिलांचं नाव आलं म्हणजे मालकी झाली असं नाही. तेव्हा मृत्यूचे दाखले गोळा करा, वारस नोंदी लावून घ्या, याला महिने जातात.

आणि आत्या. लग्न होऊन पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांना धरायचंच नाही हे अजून कितीतरी घरांत चालतं, आणि ते मला अजिबात पटत नाही. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित घरात मुलीला मुलाइतकाच हक्क दिलाय, दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात असलेच पाहिजेत असंही नाही, सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये तसं स्पष्ट सांगितलंय. आत्याला आधी समोर बसवून सगळा हिशोब सांगा, हिस्सा हवाय का विचारा, आणि ती मनापासून नको म्हणाली तरच हक्कसोडपत्र, तेही रजिस्टर केलेलं, साध्या स्टॅम्पपेपरवरची सही उपयोगाची नाही. भाऊ परदेशात असेल तर मुखत्यारपत्राचं आत्ताच बघा, तिकडे केलेला तो कागद भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प करून घ्यावं लागतं.

ट्रंकेत मोडी लिपीतली जुनी खतं, म्हणजे दस्तऐवज, सापडली तर रद्दीत घालू नका, वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या. आमच्याकडे अशाच एका कागदात लिहिलेलं निघालं की मागच्या पडवीच्या पन्हाळीचं पाणी शेजाऱ्यांच्या बोळात सोडायचा हक्क आपला, ज्यावरून माझ्या लहानपणापासून दर पावसाळ्यात भांडण व्हायचं. सामाईक भिंत, पाण्याचा उतार, आडावरची वहिवाट, हे सगळं शेजाऱ्यांशी बोलून लिहून ठेवा, आणि सरकारी मोजणी आधीच करून घ्या कारण कार्डावरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र पुष्कळदा जुळत नाही. भाडेकरू असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय घेणाऱ्याला "मोकळं करून देतो" असा शब्द देऊ नका.

आता घराचं. रंग काढत बसू नका, पण पावसाआधी कौलं चाळून घ्या, फुटकी बदला, कारण घेणारा वर कडीपाटाकडे, म्हणजे लाकडी छताकडे, बघतो आणि ओल दिसली की भाव पाडतो. माजघरातल्या खांबाला वाळवी असेल तर ऑइलपेंट मारून झाकू नका, दाखवा आणि सांगा. काही लोक फक्त सागवानासाठी येतात, तुळया आणि खांब वेगळे विकून टाका म्हणतात. लाकडाचा अंदाज आपण आधी सुताराकडून घेतलेला असला म्हणजे फसत नाही, पण राहायला घेणारा मिळत असेल तर थोडं कमी घेऊन त्यालाच द्या, असं मला वाटतं.

टॅक्सचं सीएकडे. वडिलोपार्जित घराला आपली खरेदी किंमत नसते, म्हणून नफा मोजायला १ एप्रिल २००१ ची किंमत व्हॅल्युअरकडून काढून घ्या. व्यवहार ५० लाख किंवा वर गेला की घेणारा १ टक्का टीडीएस कापतो, परदेशातल्या भावाच्या हिश्श्यावर मात्र कितीतरी जास्त कापला जातो, हे त्याला आधीच सांगा. घरपट्टी, पाणीपट्टी, लाइटबिल भरून पावत्या एका फायलीत लावा. आणि पितृपक्षात कुणी इसार देत नाही, तारखा तसं बघून धरा.

देवघरातले टाक कुणाकडे जाणार ते खरेदीखताच्या आधी ठरवा, त्या दिवशी नको. किल्ल्या देताना नव्या माणसाला दिंडी दरवाजाचा अडसर आपल्या हातानं लावून दाखवा. आमच्या दरवाजाची डावी फळी जरा उचलून धरल्याशिवाय तो बसायचा नाही, आणि माहीत नसलं की लोक जोर लावतात आणि चौकट खिळखिळी होते.