नस, गॅस आणि कंबर: दुखणं सांगताना या चुका टाळा

"कुठे दुखतंय?" असं विचारलं की समोरचा माणूस अख्खा तळहात पोटावरून फिरवतो आणि म्हणतो, "इथे सगळीकडेच." ओपीडीत केस पेपर लिहिताना हे मी रोज पाहते. आपल्या बोलीत शरीराची नावं सैलसर आहेत. काळीज धडधडतं तेव्हा आपण हृदयाबद्दल बोलत असतो, आणि मटणाच्या दुकानात कलेजी मागितली तर यकृत मिळतं. एरवी ते चालून जातं. दुखणं सांगताना मात्र त्यात वेळ जातो, आणि काही दुखण्यांत वेळ हातात फारच कमी असतो.

सगळ्यात घातक शब्द म्हणजे गॅस. गेल्या पावसाळ्यात पन्नाशीतले एक काका चालत आले. मूठ छातीच्या मधोमध दाबलेली, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, तोंडात ओवा. "पहाटेपासून गॅस धरलाय, ताई." ईसीजी काढला, तर हृदयविकाराचा झटका होता. पहाटेपासूनचे ते चार तास अजून माझ्या मनातून जात नाहीत.

गॅस असतो अन्ननलिका, जठर आणि आतड्यांच्या सलग नळीत. त्या नळीतून निघून डोक्यात चढायला किंवा पाठीत शिरायला त्याला वाटच नाही. हृदय आपण समजतो तसं पार डावीकडेही नसतं. ते दोन फुप्फुसांच्या मध्ये, छातीच्या मधल्या हाडामागे असतं, टोक तेवढं डावीकडे झुकलेलं. त्याच्या खाली श्वासपटल नावाचा स्नायूचा पडदा, आणि पडद्याच्या लगेच खाली जठर. म्हणजे दोघं शेजारीच. शिवाय हृदयाकडून येणाऱ्या चेता, म्हणजे संदेश वाहणाऱ्या नर्व्ह्ज, मज्जारज्जूच्या ज्या भागात शिरतात, तिथेच डाव्या हाताच्या आतल्या बाजूच्या चेताही येतात. कळ नेमकी कुठून निघाली हे मेंदूला उमगत नाही. म्हणून हृदयाचं दुखणं हातात, जबड्यात किंवा बरगड्यांच्या खाली पोटात जाणवतं. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कधी कधी छातीत दुखतही नाही. नुसता दम लागतो, मळमळतं, दरदरून घाम फुटतो. अशा वेळी सोडा पिऊन वाट बघू नका, स्वतः गाडी चालवत निघू नका. महाराष्ट्रात १०८ ला फोन करा.

दुसरा शब्द नस. सुई नसेत देतात ती शीर, म्हणजे रक्तवाहिनी. कमरेतून पायात सणक जाते ती चेता, तिच्यातून रक्त नाही तर संदेश वाहतात. रात्री पोटरीत गोळा येतो तो स्नायूचा. घोट्यामागे दोरीसारखं हाताला लागतं ती कंडरा, स्नायूला हाडाशी बांधणारी. चारही गोष्टींना आपण नस म्हणतो, आणि चारहींवर एकच उपाय करतो: तेल लावून रगडायचं. गोळा आला असेल तर पायाचा चवडा स्वतःकडे ओढून धरा, सुटतो. पण ऑपरेशननंतर किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळल्यावर एकच पाय सुजला, गरम लागला, दुखू लागला, तर तो अजिबात चोळू नका. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकली तर जीवावर बेततं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणि अचानक एक हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर ती "नस दबली" नव्हे. ते मेंदूचं दुखणं आहे, पक्षाघात. बहुधा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून लक्षण किती वाजता सुरू झालं ते घड्याळ बघून लक्षात ठेवा.

कंबर दुखली की किडनीची भीती वाटते. किडन्या मागच्या बाजूला, पण बऱ्याच वर असतात, वरचा भाग शेवटच्या बरगड्यांच्या आड. उजवी किंचित खाली, कारण तिच्यावर यकृत. वाकल्यावर, उठताना वाढणारं दुखणं बहुधा स्नायूंचं किंवा मणक्याचं. कुशीतून जांघेकडे कळा येत असतील, किंवा ताप आणि लघवीला जळजळ असेल, तर लघवी तपासून घ्या.

डावं-उजवं सांगताना पेशंटचं सांगा, तुमच्या समोरचं नव्हे. नातेवाईक इथे हमखास गोंधळतात.

शेवटी पोटाचं. तळहात फिरवण्याऐवजी एक बोट ठेवा, आणि आत्ता दुखतंय त्याबरोबर सुरुवात कुठे झाली तेही सांगा. अपेंडिक्सचं दुखणं पुष्कळदा बेंबीभोवती सुरू होतं, कारण त्याच्या चेता मज्जारज्जूत बेंबीच्या पातळीला शिरतात. सूज पोटाच्या आतल्या अस्तरापर्यंत पोचली की दुखणं उजवीकडे खाली सरकतं. "काल संध्याकाळी बेंबीपाशी होतं, आता इथे आहे," एवढं एक वाक्य ऐकलं की मी पेन खाली ठेवून थेट डॉक्टरांना हाक मारते.