कडी कुणाच्या हातानं उघडायची आहे?

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. ग्रिल, फाटकं, गोठ्याची दारं, ट्रॉलीचे फाळके (उघडणाऱ्या फळ्या), अधूनमधून शेजारच्या कारखान्यातली चेन पुली (साखळी ओढून वजन उचलायचं यंत्र) असं सगळं आमच्याकडे येतं. येणारा प्रत्येक जण सांगतो, "कडी तेवढी मजबूत टाका." मी आधी विचारतो, ती उघडणार कोण आणि कुठल्या बाजूनं? गुडघे धरलेली आजी, चार वर्षांचं पोर, दोन्ही हातांत दुधाच्या किटल्या घेतलेली बाई, का धुरात चाचपडणारा कामगार? आणि जास्त वाईट काय होईल, कडी वेळेला उघडली नाही तर, का नको तेव्हा उघडली तर? एवढं कळलं की निम्मी निवड झालीच. लोखंडाची जाडी नंतर ठरवता येते.

घराच्या पुढच्या दाराला आपल्याकडे बाहेरून कुलपासाठी ऑलड्रॉप (कुलूप अडकवायची आडवी सरकती सळई) आणि आतून टॉवर बोल्ट (सरळ सरकणारी कडी) ही जोडी अजून चालते, आणि चांगली चालते. पुढच्या दाराला ऑलड्रॉपची सळई १६ मिलिमीटरची घ्या, लांबी १० किंवा १२ इंच. आतल्या खोलीला १२ मिलिमीटर पुरते. पण दार लाथेनं किंवा पहारीनं फोडतात तेव्हा सळई सहसा वाकत नाही. चौकटीवरचा कोयंडा स्क्रूसकट उपटून येतो. पाकिटात मिळणारे स्क्रू अर्ध्या-पाऊण इंचाचे असतात, ते बाजूला ठेवा. चौकटीला दोन-अडीच इंचाचे स्क्रू मारा, आणि दाराच्या बाजूला ऑलड्रॉप आरपार बोल्टनं बसवा, नट आतल्या अंगाला. शे-दीडशे रुपयांचा फरक पडेल, पण महागड्या कुलपापेक्षा हा खर्च जास्त कामाचा.

मॉर्टिस लॉक, म्हणजे दाराच्या जाडीत कोरून बसवायचं कुलूप, बसवायचं असेल तर आधी दाराची जाडी मोजा. ३० मिलिमीटरच्या फ्लश डोअरमध्ये (दोन्हीकडून सपाट प्लायच्या दारात) लॉकची पेटी कोरली की दोन्ही बाजूंना पापुद्र्याएवढं लाकूड उरतं. जाडी निदान ३५ मिलिमीटर हवी. फ्लश डोअर आतून सगळीकडे भरीव असेलच असं नाही. लॉकसाठी भरीव लाकूड कुठल्या कडेला आहे ते दुकानदाराकडून दारावर खूण करून घ्या, नाहीतर सुतार पोकळ बाजूला पटाशी मारून मोकळा होतो.

घरात म्हातारं माणूस एकटं राहत असेल तर उंचावरची चिटकणी काढूनच टाका. कडी छातीच्या उंचीवर हवी. गोल मुठीपेक्षा खाली दाबायचा हँडल बरा, कारण सांधे आखडलेल्या बोटांना मूठ पिळता येत नाही, पण कोपरानंसुद्धा हँडल दाबता येतो. बाथरूमला तर साधी चिटकणी लावूच नये या मताचा मी आहे. बेबी लॅच किंवा बाथरूम लॉक घ्या, ज्याला बाहेरून नाणं किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून फिरवता येईल अशी खाच असते. आत पोरानं कडी लावून घेतली किंवा कुणी घसरून पडलं, तर दार फोडण्यात जी दहा मिनिटं जातात ती या खाचेमुळे वाचतात. आणि ती खाच बाहेर आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजे. दाखवून ठेवा.

पावसाळ्याचं दुखणं वेगळं. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून मे महिन्यात चोख बसवलेली कडी जुलैत भोकाला लागत नाही. मिरज-तासगावकडं हा त्रास कमी, शिराळ्याकडं आणि साताऱ्यातल्या पाटण-महाबळेश्वरकडं जास्त. दार आणि चौकट यांच्यात बाजूला तीन मिलिमीटर तरी फट सोडा. सळई जिथं जाते ते भोक ज्या दिशेनं दार सरकतं त्या दिशेला थोडं लांबट करा. नेमकं कुठं लागतंय ते डोळ्यानं कळत नाही. सळईच्या टोकाला खडू चोळा, दार लावा, सळई दाबा आणि मागं घ्या. चौकटीवर पांढरा ठिपका उमटतो. तो भोकाच्या वर असेल तर दार उचललंय, खाली असेल तर बिजागरी ढिली होऊन दार लोंबलंय. लोंबलेल्या दाराला भोक मोठं करून उपयोग नाही, आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू बघा.

दोन पाखांच्या दाराला जे पाखं एरवी बंद असतं, त्याला वर आणि खाली दोन्हीकडं बोल्ट हवाच. नुसत्या वरच्या बोल्टवर ते पाखं मधून हलतं आणि कुलपाचा सगळा ताण एका ठिकाणी येतो. खालच्या बोल्टचं फरशीतलं भोक मातीनं भरतं, तिथं स्प्रिंगचं झाकण असलेली डबी मिळते, ती घाला.

आता धातू. इथं फसवणूक फार होते. स्टील म्हणून घेतलेली कडी दोन पावसाळ्यांत तांबडी पडते आणि गिऱ्हाईक म्हणतं, "पण मी चुंबक लावून बघितलं होतं की." चुंबक साधं लोखंड ओळखतो. एसएस (स्टेनलेस स्टील) २०२ आणि एसएस ३०४ दोन्हींना तो चिकटत नाही, आणि गंजतं ते २०२. तेव्हा बिलावर ग्रेड लिहून मागा. समुद्र आपल्यापासून लांब आहे, खाऱ्या हवेत टिकणाऱ्या ३१६ चा खर्च करायची गरज नाही, बाहेरच्या दारांना ३०४ पुरतं. पितळ म्हणून दिलेल्या वस्तूला मात्र चुंबक चिकटला की ते मुलामा दिलेलं लोखंड समजा. चकचकीत, हातात हलकी लागणारी ओतीव कडी बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूची असते. कपाटाला चालेल, पण घाव बसला की ती वाकत नाही, तुटते.

नदीकाठच्या लोकांसाठी अजून एक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. गावभाग, सांगलीवाडी, भिलवडी इथल्या घरांतनं पाणी ओसरल्यावर कड्या-कुलपं पोत्यानं निघाली. त्यांचा जीव घेतला तो आत वाळलेल्या गाळानं. गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्यानं धुवा, ऑलड्रॉपची सळई मागं-पुढं करत पाणी सोडा, उन्हात वाळू द्या आणि मगच तेल. गाळावर तेल ओतलं की त्याची घासण्याची पेस्ट होते. पूररेषेतल्या घराला आत स्प्रिंग-गिअर असलेली लॉकं घेण्यापेक्षा पितळी किंवा ३०४ चा साधा, उघडा ऑलड्रॉप घ्या. डोळ्यांदेखत साफ होतो.

फाटकाचा हिशोब दारासारखा नाही, कारण फाटक दिवसांगणिक खाली बसतंच. खांब झुकतो, बिजागरी झिजते, पोरं लोंबकळतात. लोखंड उन्हानं वाढतंही. चार मीटरचं फाटक सकाळच्या थंडीपासून दुपारच्या उन्हापर्यंत ३० अंशांच्या फरकात साधारण दीड मिलिमीटर लांब होतं. म्हणून फाटकाला नेमक्या भोकात जाणारी बारीक सळई नको. वरून पडणारी कडी घ्या, म्हणजे फाटक ढकललं की आपोआप उचलून खाचेत बसणारी. तिची खाच खालीवर अर्धा इंच तरी सैल असावी. सरकत्या फाटकाला ही चालत नाही, ते मागं सरकून निसटतं. त्याला आकड्यासारखा वळून आत अडकणारा हुक बोल्टच लागतो. मोठ्या पाख्याला जमिनीत जाणारा दांडा द्या, पण त्याचं भोक पाइप घालून बांधा आणि तळ मोकळा ठेवा, पाणी मुरायला.

गोठ्याला मात्र डोकं लावावं लागतं. म्हैस मानेनं फाटक उचलते, शिंगानं दांडी सरकवते, आणि एकदा जमलं की रोज करते. पडती कडी तिथं काही कामाची नाही, ती उचलली की उघडलीच. सरकता बोल्ट घ्या आणि त्याला मूठ अशी ठेवा की आधी वर वळवून मगच सरकवता येईल. दोन वेगळ्या हालचाली एकापाठोपाठ जनावराकडून सहसा होत नाहीत. बोल्ट फाटकाच्या बाहेरच्या अंगाला, भोवती पत्र्याचा आडोसा. बिजागरीचा वरचा खिळा उलटा बसवा, म्हणजे टोक खाली, म्हणजे उचलून फाटक निघत नाही. आणि हे सगळं करूनही धार काढणाऱ्या बाईला कोपरानं मूठ वळवता आली पाहिजे. तिचे हात किटलीत गुंतलेले असतात. गोठ्याला आग लागली तर जनावरं सोडायची आहेत, म्हणून रात्री कुलूप घालणाऱ्यांनी किल्ली कुठं असते ते शेजारच्या वस्तीवर सांगून ठेवावं.

ट्रॉलीच्या फाळक्याला खिट्टी आणि साखळी पुरते, फक्त खिट्टीला आर-क्लिप (खिट्टी निसटू न देणारी तारेची पिन) हवी, आणि फाळका उघडताना माणूस बाजूला उभा राहिला पाहिजे, मागं नाही.

तासगाव-सांगली पट्ट्यात बेदाण्याची शीतगृहं भरपूर. तिथल्या दाराला एक गोष्ट सोडून चालणार नाही. बाहेरून कुलूप असलं तरी आतला माणूस दाबून किंवा फिरवून दार उघडू शकेल असा आतला खटका हवा. तो बर्फानं गोठत नाही ना, हे दर आठवड्याला कुणीतरी आत उभं राहून बघायचं आणि बाहेर दुसरा माणूस ठेवायचा. कारखान्याच्या बाहेर पडायच्या दारालाही तेच, किल्लीशिवाय एका हालचालीत उघडलं पाहिजे.

आता उचलायच्या हुकाची जीभ. इथं मी जरा जास्त थांबणार आहे, कारण इथं चुकलं की माणूस जातो.

चेन पुलीच्या किंवा यारीच्या (विहिरीवरच्या क्रेनच्या) हुकाला तोंडावर जी स्प्रिंगची पट्टी असते, ती वजन पेलायला नाही. वजन हुकाच्या बाकात बसतं. जीभ असते ती दोर सैल पडतो त्या क्षणासाठी. विहिरीचं काम डोळ्यांसमोर आणा. भरलेली बादली वर येते, काठावर टेकते, दोर ढिला पडतो. त्या क्षणी बादलीची कडी हुकात वर उडते आणि जीभ नसेल तर टोकावर येऊन अडकते. वरच्या माणसाला वाटतं, लागलंय. पुढच्या उचलीला ती बादली टोकावर लटकत विहिरीच्या तोंडावर जाते, आणि खाली माणसं खणत असतात. जीभ तुटली म्हणून बाइंडिंग वायर गुंडाळून काम चालवणारे मी बघितलेत. वायर सरळ होते. तुटलेल्या जिभेचा हुक त्याच वेळी कामावरून काढायचा.

जीभ पूर्ण मिटत नसेल तर दोष बहुतेक वेळा जिभेचा नसतो. स्लिंग (भाराला बांधायचा दोर किंवा साखळी) हुकात मावत नाही, हुक लहान पडतो. मोठा हुक घ्या किंवा मध्ये शॅकल (आडव्या खिळीची यू आकाराची कडी) घाला. दोन पायांच्या स्लिंगमधला कोन ९० अंशांपेक्षा जास्त पसरला तर पाय जिभेला बाहेरून रेटतात, तिथंही शॅकल किंवा मोठी कडीच. जिथं भार सारखा टेकतो आणि उचलतो, किंवा दोर वळतो, तिथं साध्या जिभेपेक्षा सेल्फ लॉकिंग हुक बरा. भार आला की तो घट्ट मिटतो आणि मागचा खटका दाबल्याशिवाय उघडत नाही.

नवा हुक आला त्याच दिवशी त्याचं तोंड व्हर्नियरनं मोजा आणि रजिस्टरात लिहा. नंतर तोंड ५ टक्क्यांपेक्षा जास्त उघडलेलं दिसलं, म्हणजे ३० मिलिमीटरच्या तोंडाला दीड मिलिमीटर, किंवा बाकात १० टक्के झीज दिसली, किंवा हुक पिळवटलेला दिसला, तर तो बाद. गरम करून, ठोकून सरळ करायचा नाही. कारखान्यात वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी आणि साखळीवर-हुकावर सुरक्षित भाराची खूण, हे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २९ नं घालून दिलं होतं; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या संहितेनं घेतली, तरी ही तपासणी सोडायची नाही. शेतातल्या यारीला कुणी विचारत नाही, म्हणून तिथं स्वतःच बघायचं.

माझ्याकडे हुक घेऊन येतात आणि म्हणतात, "दादा, एक पट्टी वेल्डिंग करून द्या जीभ म्हणून." मी देत नाही. घडीव हुकाला उष्णता देऊन ताकद आणलेली असते. त्यावर वेल्डिंगचा एक टाका पडला की त्या जागी पोलाद ठिसूळ होतं, आणि वरून काहीच दिसत नाही. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा जिभेचा सुटा संच घ्यायचा. दुकानात जाताना हुकावर ठोकलेला टन आणि नंबर लिहून न्या, जमलं तर हुकच घेऊन जा. बसवल्यावर स्लिंग अडकवा, दोर मुद्दाम सैल सोडा आणि हुक चारी बाजूंनी हलवा. जीभ टोकाच्या आतल्या अंगाला येऊन थांबली पाहिजे. बाजूला सरकून टोकाबाहेर पडत असेल तर माप चुकलंय, तो संच परत करा.