रिमॅप केलेल्या टर्बो गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मजबूत कसा करायचा

रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं, झालं की सगळे बीएचपी विचारतात, गिअरबॉक्सचं कोणी विचारत नाही. पण गिअरबॉक्स खराब करतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, त्यातही टर्बो एकदम भरतो तेव्हा खालच्या आरपीएमला येतो तो. आपल्या नाशकात बनणारी थार घ्या, पेट्रोल ऑटोमॅटिक कंपनीतून 320 न्यूटन मीटर देते, आयसिनचा 6 स्पीड बॉक्स चांगला दणकट आहे, पण समजा तोच टॉर्क 400 ला नेला तर पाव पट लोड वाढला, आणि बॉक्सच्या आतल्या क्लचच्या प्लेटा मात्र त्याच. हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून बॉक्सला पोचवणाऱ्या, ऑटोमॅटिकबद्दल सांगतोय. फोक्सवॅगन-स्कोडाचा ड्राय क्लचचा 7 स्पीड डीएसजी, म्हणजे डीक्यू200, मुळातच 250 न्यूटन मीटरचा आहे, त्याच्यावर जास्त टॉर्क टाकायच्या भानगडीत पडू नका.

सगळ्यात आधी ट्यूनरला (रिमॅप करणाऱ्याला) एकच विचारा, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, गिअरबॉक्सला टॉर्क किती सांगतोय? प्लेटा किती जोरात दाबायच्या हे टीसीयू, म्हणजे गिअरबॉक्सचा कंप्युटर, त्याच आकड्यावरून ठरवतो. टॉर्क अडवणारा लिमिटर आडवा येऊ नये म्हणून काही जण आकडा कमी दाखवतात, मग इंजिन 400 देतंय आणि टीसीयूला दिसतंय 320, तो तेवढंच प्रेशर देतो, प्लेटा घसरतात, जळतात, आणि वर बोंब अशी की बॉक्सच नाजूक होता. आकडा खराच गेला पाहिजे आणि टीसीयूचं ट्यूनिंग सोबतच झालं पाहिजे, लाइन प्रेशर (प्लेटा दाबणारं ऑइलचं प्रेशर) हिशोबात वाढवून, उगाच खूप वाढवलं तर शिफ्टला धक्के बसून ऑइल पंप आणि प्लेटा बसतात त्या ड्रमची वाट लागते. शिफ्टच्या वेळी इंजिन क्षणभर टॉर्क कमी करतं ते कोणी काढतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा. पहिल्या-दुसऱ्या गिअरलाही टॉर्क लिमिट ठेवा.

मग उष्णता. मे महिन्यात मुंबईहून येताना कसारा घाटात फुल एसी आणि चार माणसं घेऊन स्कॅनर लावून बघा, गिअरबॉक्सचं ऑइल 80 ते 95 डिग्रीला असेल तर ठीक, 120 च्या पुढे जात असेल तर बाकी काही करायच्या आधी कूलर बसवा. स्टॅक्ड प्लेट टाइपचा घ्या, आणि कंपनीचा कूलर काढायचा नाही, त्यातून निघालेलं ऑइल नव्या कूलरमध्ये आणि तिथून बॉक्सला परत असं जोडायचं. थर्मोस्टॅटवाला घ्या कारण डिसेंबरात नाशिकच्या पहाटे ऑइल गरमच होत नाही. होज एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, चालणारीच हवी, साधी पेट्रोलची पाइप गरम तेलाने मऊ पडते, हायवेला सुटली की काही मिनिटांत सगळं ऑइल बाहेर आणि बॉक्स कोरडा.

स्कॅनरच्या त्याच नोंदीत (लॉगमध्ये) लॉकअप, म्हणजे कन्व्हर्टरला इंजिनशी थेट जोडणारा क्लच, पण बघून घ्या. टॉप गिअरला पूर्ण लॉक असताना इंजिन आणि टर्बाइनचे (कन्व्हर्टरच्या बॉक्सकडच्या बाजूचे) आरपीएम वेगळे दिसले तर लॉकअप क्लच घसरतोय, कन्व्हर्टर रिबिल्ड करून चांगलं लायनिंग लावावं लागेल.

चेंबर, म्हणजे बॉक्सच्या खालचं ऑइलचं भांडं, उघडला की त्यातल्या मॅग्नेटवर जमलेलं बोटावर घेऊन चोळा, करड्या पेस्टसारखं मऊ लागलं तर चिंता नाही, चकमक करणारे तुकडे टोचले तर बॉक्स उघडायचाच. जळका वास आला तरी तेच.

उघडलाच तर खरी ताकद प्लेटांमध्ये आहे. ड्रममध्ये 5 च्या जागी 6 फ्रिक्शन प्लेटा बसवता आल्या तर त्याच प्रेशरला 20 टक्के जास्त टॉर्क धरतो. त्यासाठी पातळ स्टील प्लेटा लागतात, पण त्या उष्णता कमी साठवतात, म्हणून मी कूलर आधी सांगितला. निळ्या पडलेल्या स्टील प्लेटा परत वापरायच्या नाहीत. नव्या फ्रिक्शन प्लेटा निदान अर्धा तास एटीएफमध्ये भिजवा, क्लिअरन्स फिलर गेजने मोजून मॅन्युअलशी जुळवा, कमी-जास्त असेल तर वेगळ्या जाडीची सर्क्लिप मिळते. सील आणि चेक बॉल (ऑइलची वाट उघड-बंद करणाऱ्या छोट्या गोळ्या) जागेवर धरायला ग्रीस नको, व्हॅसलिन लावा, ते ऑइलमध्ये विरघळतं, ग्रीस व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे ऑइलच्या वाटा असलेल्या भागात, अडकतं. बंद करण्याआधी प्रत्येक क्लचच्या ऑइलच्या होलमध्ये हळू हवा मारा, ठप्प असा आवाज आला पाहिजे, नुसती फुस्स झाली तर सील गेलंय. पंपाची सपाट बाजू झिजली का ते मोजायला नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागात टूलरूमची कमी नाही, पण असेंब्ली मात्र ऑटोमॅटिक रोज उघडणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या.

कन्व्हर्टर बसवताना घाई नको. त्यात लिटरभर ऑइल भरा, फिरवत फिरवत आत ढकला, तो टप्प्याटप्प्याने टकटक करत पंपात बसतो. हाउसिंग इंजिनला चिकटल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत (इंजिनकडची प्लेट, जिला कन्व्हर्टर बोल्टने जोडतात) थोडा गॅप राहिला पाहिजे, गॅप नसेल आणि बोल्ट आवळून ओढलंत तर पंप तिथेच फुटतो.

विमा कंपनीला बदल लेखी कळवा, वॉरंटी गेली असंच धरून चाला.

ऑइल लेव्हल इंजिन चालू ठेवून, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टेंपरेचरलाच बघायची, मग स्कॅनरने अडॅप्टेशन, म्हणजे टीसीयूने शिकलेली जुनी सवय, रिसेट करून गंगापूर रोडला अर्ध्या थ्रॉटलवर सगळे गिअर वर-खाली करत फिरा. ब्रेक दाबून लाँच वगैरे सध्या नको. 1000 किलोमीटर झाले की चेंबर परत खोला, मॅग्नेट बघा, ऑइल आणि फिल्टर बदला, आणि मगच पूर्ण बूस्ट (टर्बोचं प्रेशर) द्या.