शी मऊ झाल्याशिवाय पॉटीचा आग्रह नको: लहान मुलांच्या बद्धकोष्ठतेत या चुका टाळा

आमची मुलगी अडीच वर्षांची असताना रोज संध्याकाळी पडद्यामागे जाऊन उभी राहायची. पाय एकमेकांत अडकवलेले, टाचा उचललेल्या, चेहरा लालबुंद. आम्ही म्हणायचो, "बिचारी किती कुंथतेय, पण होतच नाहीये." मग तिला उचलून पॉटीवर बसवायचो आणि ती किंचाळून घर डोक्यावर घ्यायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कधीतरी डायपरमध्ये मोठा कोरडा खडा पडायचा, त्यावर रक्ताची बारीक रेघ असायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पडदा.

ती कुंथत नव्हती, शी रोखून धरत होती. हे कळायला आम्हाला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत आम्ही मनापासून जे जे केलं, त्यातल्या बहुतेक गोष्टींनी तिचं दुखणं वाढवलं. तुमचं मूल आज त्या पडद्यामागे उभं असेल, तर त्याचे हे चार महिने वाचावेत एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

रोखणं म्हणजे कुंथणं समजू नका

शी करायचा प्रयत्न करणारं मूल उकिडवं बसतं, गुडघे पोटाशी घेतं, पुढे वाकतं. रोखणारं मूल ताठ होतं. ते चवड्यांवर उभं राहतं, ढुंगण आवळतं, पाय फुलीसारखे गुंफतं, खुर्चीची कड घट्ट धरतं किंवा खेळ अर्ध्यावर टाकून कोपरा गाठतं. मिनिट-दोन मिनिटांत कळ ओसरते आणि स्वारी पुन्हा खेळायला लागते. आपल्याला वाटतं, प्रयत्न फसला. खरं तर त्याला जे करायचं होतं ते जमलेलं असतं.

हे चक्र कसं फिरतं ते एकदा समजलं की मुलावरचा राग बराचसा निघून जातो. कधीतरी, ताप येऊन पाणी कमी पडल्यामुळे, प्रवासात किंवा आहार बदलताना, एकदा कडक शी होते आणि दुखतं. बारीक चीर पडते. दोन वर्षांच्या मुलाचा हिशेब साधा असतो: शी केली की दुखतं, तर करायचीच नाही. ते रोखतं. मोठं आतडं आपलं काम करतच राहतं आणि साचलेल्या मळातलं पाणी शोषत राहतं. मळ आणखी कडक, आणखी जाड होतो. पुढच्या वेळी जास्त दुखतं आणि मुलाची खात्रीच पटते. मूळ कारण केव्हाच निघून गेलेलं असतं, पण चक्र थांबत नाही.

साचत गेलं की गुदाशय ताणला जातो आणि "शी आली" ही जाणीव बोथट होते. तेव्हा "तुला कळत कसं नाही?" असं विचारण्यात अर्थ नसतो. त्याला खरंच कळलेलं नसतं.

"रोज होते ना, मग बद्धकोष्ठता कसली?"

दिवस मोजणं पुरेसं नाही. रोज चार लेंड्या टाकणाऱ्या मुलाच्या आतही मोठा खडा अडकलेला असू शकतो. चार वर्षांखालच्या मुलांसाठी डॉक्टर ज्या खुणा पाहतात त्या अशा: आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून कमी शी, रोखून धरणं, दुखत किंवा कडक होणं, फार जाड शी, आणि गुदाशयात साठलेला मोठा गोळा. यातल्या दोन जरी महिनाभर दिसल्या तरी तिला बद्धकोष्ठताच म्हणतात.

शी कशी असावी हे सांगायला १९९७ साली प्रसिद्ध झालेला ब्रिस्टल तक्ता फार उपयोगी पडतो. त्यात सात प्रकार आहेत. पहिला म्हणजे सुट्या कडक लेंड्या, सातवा म्हणजे निव्वळ पाणी. चौथा, म्हणजे लांबट, गुळगुळीत आणि मऊ, हा उत्तम. रोखण्याची सवय लागलेल्या मुलाला मात्र काही काळ पाचव्याकडे झुकलेली शी चांगली, कारण इतकी मऊ शी त्याला रोखणंच अवघड जातं.

पोटाआधी पॉटी: सगळ्यात महाग पडणारी चूक

आमची हीच चूक झाली. शाळा जवळ आलेली, शेजारची मुलं पॉटीवर बसायला लागलेली, म्हणून आम्ही डायपर काढून टाकला. शी कडक आहे ही आमच्या लेखी वेगळी, किरकोळ गोष्ट होती.

ती वेगळी नसते. शू पॉटीत करणारं, पण शीसाठी डायपर मागणारं मूल अजिबात दुर्मीळ नाही. पॉटी शिकण्याच्या वयात साधारण पाचातलं एक मूल यातून जातं. आणि ज्या मुलांमध्ये शीसाठी पॉटीला नकार आणि बद्धकोष्ठता दोन्ही दिसतात, त्यांचा मागोवा घेतल्यावर बहुतेकांत बद्धकोष्ठता आधी आलेली आढळली आहे. म्हणजे दुखणं आधी, नकार नंतर. आपल्याला तो हट्ट वाटतो, कारण आपल्याला फक्त नकार दिसतो.

म्हणून क्रम बदला. शी मऊ आणि न दुखणारी होऊ द्या, ती सलग काही आठवडे तशीच राहू द्या, आणि तोवर पॉटीचा विषय काढू नका. डायपर मागितला तर द्या, कुरकुर न करता द्या. "एवढी मोठी झालीस आणि डायपर?" हे वाक्य घरातल्या प्रत्येकाने गिळायचं. डायपर परत दिला तर शिकलेलं सगळं वाया जाईल अशी मला धास्ती होती. प्रत्यक्षात तो हातात मिळाल्यावर ती त्याच संध्याकाळी मोकळी झाली, आणि पुढची कितीतरी रोखणी टळली.

शिक्षा, लाजवणं, धरून बसवणं यांचा परिणाम एकच होतो: मूल आणखी आवळतं. भीतीने आवळलेला स्नायू दरडावून सैल होत नाही.

चड्डीला पातळ डाग दिसले की शी मऊ करणारं औषध थांबवू नका

ही चूक जाणत्या पालकांकडूनही होते. आत खडा अडकलेला असतो आणि वरची पातळ शी त्याच्या कडेने झिरपते. चड्डी दिवसातून चार वेळा भरते. घरचे म्हणतात, "जुलाब लागलेत, बंद करा ते औषध." औषध बंद होतं, खडा वाढतो. मुलाला तर हे झिरपणं जाणवतही नाही, आणि त्याला ओरडा मात्र बसतो. आधी बरेच दिवस नीट शी झालेली नसेल आणि अचानक असे डाग दिसू लागले, तर पोट तपासून घेतल्याशिवाय त्याला जुलाब समजू नका.

औषध अर्ध्यावर सोडणं

लहान मुलांना बहुधा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर किंवा लॅक्टुलोजचं पातळ औषध देतात. दोन्ही शीमध्ये पाणी धरून ठेवतात, आतड्याला चाबूक मारत नाहीत. "सवय लागेल, मग औषधाशिवाय होणारच नाही" ही भीती मलाही होती आणि आमच्या आजींना तर फारच होती. या औषधांनी आतडं आळशी होत नाही. ताणलेला गुदाशय मूळ आकारात यायला मात्र महिने लागतात, आणि तोवर औषध लागतं.

आम्ही काय केलं? चार दिवस छान झाली, बंद केलं. पुन्हा खडा झाला, पुन्हा सुरू. अशा प्रत्येक फेरीत तिला पुन्हा एकदा दुखलं आणि तिची भीती पुन्हा ताजी झाली. बालरोगतज्ज्ञांच्या प्रचलित मार्गदर्शक सूचनांनुसार नियमित औषध किमान दोन महिने चालू हवं, सगळी लक्षणं जाऊन निदान एक महिना झालेला हवा, आणि मग ते हळूहळू कमी करायचं. मूल पॉटी शिकण्याच्या टप्प्यात असेल तर ते शिकणं नीट बसेपर्यंत औषध बंद करू नये. बऱ्याच मुलांना सहा महिने ते वर्ष लागतं. हा आकडा आधीच माहीत असला की दुसऱ्या महिन्यात धीर सुटत नाही.

आत मोठा खडा असेल तर आधी तो काढावा लागतो. त्यासाठी डॉक्टर काही दिवस मोठा डोस देतात आणि ते दिवस घाणीचे जातात, हे गृहीत धरून घरी राहता येईल अशीच वेळ निवडा. तोंडावाटे दिलेलं पॉलिइथिलीन ग्लायकॉल या कामात एनिमाइतकंच परिणामकारक असतं, आणि जे मूल आधीच घाबरलेलं आहे त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. डोस वजनानुसार डॉक्टरांनीच ठरवायचा. पावडर सांगितलेल्या पूर्ण मापाच्या पाण्यात विरघळवायची. घोटभर पाण्यात घट्ट कालवून देऊ नका.

खालून केलेले घरगुती उपाय

साबणाचा तुकडा, तेलात भिजवलेली वात, बोट, थर्मामीटर: यातलं काहीही नको. साबणाने आतली नाजूक त्वचा जळजळते, चीर असेल तर आणखी चिघळते, आणि मूल शिकतं की त्या जागेला कुणीही हात लावला की दुखतं. दुकानात मिळणारा फॉस्फेटचा एनिमा स्वतःहून देणं तर धोक्याचं आहे. लहान मुलांच्या रक्तातले क्षार त्याने गंभीरपणे बिघडू शकतात.

सगळा भार खाण्यावर टाकणं

चोथा हवाच. वय अधिक पाच इतके ग्रॅम, म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला रोज सुमारे ८ ग्रॅम, असा ढोबळ हिशेब धरतात. वयाला साजेसं फळ, भाजी, धान्य रोजच्या जेवणात असलं की तेवढं पुरतं. पण शी रोखणाऱ्या मुलाला त्याहून जास्त चोथा कोंबून किंवा पाण्याचे पेल्यावर पेले पाजून बद्धकोष्ठता सुटत नाही. खडा आत असताना तर चोथ्याने गर्दीच वाढते. नाशपाती आणि प्रून (सुकवलेला आलुबुखार) यांत सॉर्बिटॉल ही पाणी ओढणारी साखर असते, त्यामुळे त्यांची थोडी मदत होते. औषधाची जागा मात्र ती घेऊ शकत नाहीत.

दुधाकडे जरूर बघा. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध जात असेल तर जेवणाची भूक मरते. काही मुलांमध्ये गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी हेच कारण निघतं. तशी शंका असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन ते चार आठवडे दूध बंद करून पाहतात. आपल्या मनाने महिनोन्‌महिने बंद ठेवू नका.

भीती नेमकी कशाची, हे न विचारणं

शी मऊ झाली, दुखायचं थांबलं, तरी भीती लगेच जात नाही. आणि प्रत्येकाची भीती वेगळी असते. कुणाला फ्लशचा आवाज नको असतो. कुणाला त्या भोकातून आपण खाली पडू असं वाटतं, आणि पाय लोंबकळत असतील तर ते वाटणं चुकीचंही नाही. कुणाला आपल्या अंगातला तुकडा पाण्यात गडप होताना पाहवत नाही. आमच्या मुलीला विचारलं तर ती काहीच सांगायची नाही. एकदा बाहुलीला पॉटीवर बसवून विचारलं, "बाहुली का रडतेय?" तर ती म्हणाली, "तिला ओढून नेणार." तेव्हा कळलं की घाबरवणारी गोष्ट फ्लश आहे. त्या दिवसापासून ती बाहेर पडल्यावरच फ्लश करायचा असं ठरलं, आणि काही आठवड्यांनी तिनेच बटण दाबायला मागितलं.

पुढचा रस्ता लहान पायऱ्यांचा. शी डायपरमध्येच, पण बाथरूममध्ये. ते सवयीचं झालं की डायपर घालून पॉटीवर बसून. मग डायपर सैल बांधून. मग तो नुसता भांड्यात अंथरून. एक पायरी आठवडाभर टिकल्याशिवाय पुढची नाही, आणि मूल बिचकलं तर निमूटपणे एक पायरी खाली.

बसण्याची सवय जेवणानंतर वीस-तीस मिनिटांत लावावी, कारण पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हालचाल करू लागतं. पाच मिनिटं पुष्कळ झाली. पायांखाली पाट हवाच, गुडघे कमरेपेक्षा वर येतील इतका उंच, म्हणजे गुदद्वाराभोवतीचा स्नायू सैल पडतो. साबणाचे फुगे उडवायला दिले तर फुंकरीने पोटावर दाब येतो आणि खालचं आवळणं सुटतं. कौतुक बसण्याचं करा. शी झाली तरच चांदणी मिळते असं ठेवलं, तर ज्या दिवशी होत नाही त्या दिवशी मूल नापास ठरतं.

हे दिसलं तर घरी थांबू नका

जन्मानंतर पहिली काळी शी ४८ तासांत झाली नसेल किंवा पहिल्या महिन्यापासूनच त्रास असेल, पोट फुगून हिरवी उलटी होत असेल, वजन वाढत नसेल, पायांत अशक्तपणा जाणवत असेल किंवा चालण्यात फरक पडला असेल, कमरेखाली मणक्यावर खळगा वा केसांचा पुंजका असेल, शी सतत फितीसारखी चपटी होत असेल, किंवा चिरेच्या रेघेपेक्षा जास्त रक्त जात असेल, तर मूळ आजार वेगळा असू शकतो. अशा मुलाला लगेच डॉक्टरांकडे न्या.

बाकीच्यांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात असू द्या: सगळं सुरळीत झाल्यावरही एखादा ताप, प्रवास किंवा शाळेचा पहिला आठवडा पुन्हा खडा आणू शकतो. आमच्याकडे दोनदा आला. पहिल्यांदा आम्ही "बघू उद्या" म्हणत आठवडा घालवला आणि पुन्हा पडद्यापाशी पोहोचलो. दुसऱ्यांदा डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं होतं की असं झालं तर किती डोस सुरू करायचा. पहिली कडक शी दिसली त्याच संध्याकाळी औषध दिलं, शाळेतल्या बाईंना सांगितलं की तिने हात वर केला की लगेच जाऊ द्या, आणि चौथ्या दिवशी ती स्वतःहून पाट ओढून बसली.